इंग्रजीचे काळ खेळातून शिकवताना: नव्या शिक्षकांसाठी

सातवीतल्या मुलाला 'गो'चं भूतकाळी रूप विचारलं की तो लगेच 'वेंट' म्हणतो. 'गो-वेंट-गॉन' त्याला पाढ्यासारखं पाठ असतं. त्याच मुलाला सोमवारी सकाळी "रविवारी काय केलंस?" असं इंग्रजीत विचारा. "आय गो टू आत्याज हाऊस" किंवा "आय डिड वेंट" असं काहीतरी ऐकू येतं. रूप माहीत असतं, पण बोलायची वेळ आली की ते तोंडात येत नाही. मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी ही अडचण आठवी-नववीपर्यंत टिकते. काळांचा सराव बहुतेक वेळा रिकाम्या जागा भरण्यात आणि 'चेंज द टेन्स' सोडवण्यात संपतो, हे त्याचं मोठं कारण आहे.

खेळांचा इथे खरोखर उपयोग होतो, पण खेळ पारखून घ्यावा लागतो. माझी कसोटी एकच आहे: ते वाक्य बोलल्याशिवाय (किंवा नीट ऐकल्याशिवाय) खेळ पुढे सरकतो का? सरकत असेल, तर तो खेळ काळाच्या सरावाचा नाही. दोन गट पाडून क्रियापदाची रूपं विचारायची आणि फळ्यावर गुण लिहायचे, ही तोंडी परीक्षा झाली. ज्यांना आधीच येतं तीच मुलं तिथे बोलतात.

आधी काय ठरवायचं

व्याकरणाची पुस्तकं बारा काळ मोजतात. बोलताना आणि गोष्ट वाचताना सतत लागतात ते पाच: साधा वर्तमान, चालू वर्तमान, साधा भूत, चालू भूत आणि पूर्ण वर्तमान. त्यात भविष्यासाठी 'विल' आणि 'गोइंग टू' धरा. सुरुवातीला एवढ्यांचेच खेळ घ्या.

मग आपली मुलं नेमकी कुठे अडखळतात ते बघा. "काल मी कोल्हापूरला गेलो होतो" हे मराठीत अगदी सहज आहे, म्हणून मूल "आय हॅड गॉन टू कोल्हापूर यस्टरडे" म्हणतं. "मी पाच वर्षांपासून इथे राहतो" याचं "आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स" होतं. आईने हाक मारली की आपण जागेवरूनच "आलो!" म्हणतो, म्हणून "आय केम!" 'तो खातो, ती खाते' यात क्रियापद मुलगा-मुलगी बघून बदलतं, इंग्रजीत दोघांनाही 'ईट्स' आणि तो शेवटचा 'स' ऐकायची कानाला सवयच नसते. हा मुलांचा निष्काळजीपणा नाही. मूल मराठीचा नियम प्रामाणिकपणे इंग्रजीला लावत असतं. म्हणून खेळ निवडायचा तो या जागा बघून.

एका तासिकेला एकच काळ घ्या, फार तर दोन काळांतला एकच फरक. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत खेळाला बारा ते पंधरा मिनिटं पुरतात. नियम मराठीत सांगा. नियम समजण्यातच दम गेला तर खेळायला उरत नाही. नुसतं सांगून भागत नाही, चार मुलांना पुढे बोलावून एक डाव सगळ्यांसमोर खेळून दाखवा. लागणारं वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि मुलं सरावली की त्यातला एक-एक शब्द पुसत जा.

'बाद' करणारे खेळ मी घेत नाही. चुकला तो बाद झाला की ज्याला सराव सगळ्यात जास्त हवा तोच पहिल्या मिनिटाला भिंतीशी जाऊन बसतो. चुकलेल्याने वाक्य दुरुस्त करून परत म्हणायचं आणि खेळात राहायचं, एवढाच नियम पुरे.

चुका कधी सुधारायच्या, हा प्रत्येक नव्या शिक्षकाचा प्रश्न असतो. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये एक प्रयोग केला. बंगलोर प्रकल्प म्हणून तो ओळखला जातो. त्यात मुलांना व्याकरण सांगत नसत. नकाशे, वेळापत्रकं देऊन प्रश्न सोडवायला लावत, कारण अर्थाकडे लक्ष असतानाच भाषा आत मुरते असा त्यामागचा विचार होता. मी तितकी पुढे जात नाही, वाक्याचा साचा आधी देते. पण खेळ चालू असताना मध्ये थांबवून नियम सांगणं मात्र टाळते. हातात कागद ठेवायचा, ऐकलेल्या तीन-चार चुका टिपायच्या आणि खेळ संपल्यावर नाव न घेता त्या फळ्यावर लिहून वर्गालाच विचारायचं.

पहिला खेळ: तळ्यात-मळ्यात

सुरुवात याने करा, कारण यात आधी फक्त ऐकायचं असतं आणि बुजरी मुलंही उड्या मारतात. मैदानावर फक्कीने तीन पट्टे आखा: काल, रोज, आत्ता. मुलं मधल्या 'रोज'मध्ये उभी. तुम्ही एक वाक्य म्हणायचं, मुलांनी योग्य पट्ट्यात उडी मारायची. "शी वॉक्स टू स्कूल" म्हटलं की रोज. "दे आर वॉकिंग टू स्कूल" म्हटलं की आत्ता. "आय वॉक्ट टू स्कूल" म्हटलं की काल.

वाक्यात 'यस्टरडे', 'एव्हरी डे', 'नाऊ' हे शब्द अजिबात घालायचे नाहीत. घातले की मूल तेवढा एक शब्द ऐकून उडी मारतं आणि क्रियापदाकडे त्याचं लक्षच जात नाही. सगळा सराव क्रियापदाच्या शेपटीवर व्हायला हवा.

सात-आठ सोपी वाक्यं झाली की हे टाका: "ही पुट्स हिज बॅग ऑन द बेंच." बहुतेक जण 'रोज'मध्येच राहतात. लगेच पुढचं: "ही पुट हिज बॅग ऑन द बेंच." आता वर्ग फुटतो, काही 'रोज'मध्ये, काही 'काल'मध्ये. इथे थांबा आणि मराठीत विचारा, "रोजचं असतं तर काय ऐकू आलं असतं?" कोणीतरी "स!" म्हणून ओरडतं. 'स' नाही, म्हणजे कालचं. 'पुट', 'कट', 'हिट', 'शट' ही क्रियापदं भूतकाळात बदलत नाहीत, म्हणून आपण ती कठीण समजतो. 'ही' आणि 'शी'चा 'स' कानात बसवायला यांच्यासारखी दुसरी क्रियापदं नाहीत. त्यानंतर "आय पुट माय बॅग ऑन द बेंच" म्हणा आणि दोन्ही पट्टे बरोबर आहेत हे मुलांना सांगा. 'रीड'चं स्पेलिंग दोन्ही काळांत तेच राहतं, उच्चार मात्र भूतकाळात 'रेड' होतो. तेही याच खेळात ऐकवून टाकावं.

याच ओघात 'ईडी'चा उच्चार घ्या. मुलं 'वॉकेड', 'लुकेड' म्हणतात, कारण अक्षरं तशी दिसतात. टाळ्या वाजवायला लावा: 'वॉक'ला एक टाळी, 'वॉक्ट'लाही एकच. 'प्ले'ला एक, 'प्लेड'ला एकच. 'वाँट'ला एक, पण 'वाँटिड'ला दोन. क्रियापद 'ट' किंवा 'ड' या आवाजावर संपत असेल तरच टाळी वाढते, बाकी कुठेही नाही. हा नियम मुलांना स्वतः शोधू द्या, पाच-सहा क्रियापदांत सापडतो.

मैदान नसेल तर बाकावर बसूनही जमतं: हात पाठीमागे म्हणजे काल, डोक्यावर म्हणजे रोज, बाकावर टेकवले की आत्ता. वर्ग तयार झाला की वाक्यं म्हणायचं काम मुलांकडे द्या. ही पायरी गाळू नका, कारण बोलणं इथूनच सुरू होतं.

दुसरा खेळ: घंटा वाजली

पाच मुलांना चिठ्ठ्या द्या: पोळ्या लाटणे, पतंग उडवणे, सायकलमध्ये हवा भरणे, विहिरीतून पाणी शेंदणे, म्हशीची धार काढणे. पाचही जण एकाच वेळी पुढे येऊन आवाज न करता ते काम करू लागतात. वर्ग ओळखतो: "सुमन इज मिल्किंग अ बफेलो!" अभिनय थांबता कामा नये, कारण काम चालू आहे म्हणून तर 'इज' आहे.

मग अचानक घंटा वाजवा किंवा डस्टर टेबलावर आपटा. पाचही जण खाली बसतात. आता वर्गाला विचारा, "व्हॉट वॉज सुमन डुइंग व्हेन द बेल रँग?" उत्तर पूर्ण वाक्यात हवं: "शी वॉज मिल्किंग अ बफेलो व्हेन द बेल रँग." लांबत चाललेलं काम 'वॉज'मध्ये जातं आणि त्याला मध्येच छेद देणारी घंटा साध्या भूतकाळात. दोन भूतकाळांचा हा संबंध फळ्यावर रेघ काढून समजवायला वेळ लागतो. इथे मुलांनी तो आत्ताच डोळ्यांनी पाहिलेला असतो. नक्कल मजेशीर असली की मुलं हसतात, गोंधळ होतो, तो होऊ द्यावा. फक्त शेजारच्या वर्गातल्या सरांना-बाईंना आदल्या दिवशी कल्पना देऊन ठेवावी.

'नो', 'लाइक', 'वाँट' ही क्रियापदं चिठ्ठ्यांत घालू नका. "आय ॲम नोइंग" आणि "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" ही सवय आपल्याकडे आधीच घट्ट आहे, तिला खतपाणी नको.

तिसरा: वर्गाची पाहणी

साध्या वर्तमानकाळासाठी. प्रत्येकाने वहीत तीन प्रश्न लिहायचे: "डू यू ड्रिंक टी?", "डू यू गेट अप बिफोर सिक्स?", "डू यू कम बाय बस?" चार जणांना विचारून उत्तरं टिपायची. खरा खेळ नंतर, सांगताना: "सलमा ड्रिंक्स टी. ओंकार डझंट ड्रिंक टी." कोणी 'स' विसरला की ऐकणाऱ्यांनी नागासारखं 'स्स्स' करायचं आणि त्याने वाक्य परत म्हणायचं. हसत-खेळत होतं आणि शिक्षकाला तोंड उघडावं लागत नाही.

चौथा: एका टोपीचं वाक्य

"डिड यू वेंट?" आणि "शी डिडन्ट केम" या चुका जिथे हटत नाहीत तिथे हा खेळ घ्या. पुठ्ठ्याच्या पाट्या करा. एका पाटीवर पुढे 'वेंट', मागे 'गो'. दुसऱ्यावर 'ही', तिसऱ्यावर 'होम', चौथ्यावर 'डिड'. एक गांधी टोपी आणा. ही भूतकाळाची टोपी, आणि वाक्यात ती एकाच शब्दाच्या डोक्यावर असू शकते.

तीन मुलं ओळीने उभी करा: 'ही', 'वेंट', 'होम'. टोपी 'वेंट'च्या डोक्यावर. वर्गाने वाक्य वाचायचं. आता याचा प्रश्न करायचा. 'डिड'ची पाटी घेतलेली मुलगी येते, 'वेंट'च्या डोक्यावरची टोपी काढून स्वतः घालते आणि ओळीच्या पुढे जाऊन उभी राहते. टोपी गेली, म्हणून 'वेंट'ला पाटी उलटी करावी लागते: 'गो'. वर्ग वाचतो: "डिड ही गो होम?" नकारासाठी 'डिडन्ट' मध्ये येऊन उभी राहते, टोपी तिच्याच डोक्यावर.

पुढच्या तासिकेला 'स'ची दुसरी टोपी करा: "ही गोज होम" मध्ये 'डझ' आली की 'गोज'ची टोपी तिच्याकडे. मग 'वॉज'ची पाटी आणा. "ही वॉज लेट" याचा प्रश्न करताना 'डिड' लागत नाही, 'वॉज' स्वतःच टोपीसकट पुढे जाऊन उभा राहतो. 'डिड ही वॉज लेट' का होत नाही, ते मुलांना तिथेच दिसतं. नंतर कधी कोणी "डिड वेंट" म्हणालं की मी फक्त स्वतःच्या डोक्यावर हात ठेवते, मूल आपणहून दुरुस्त करतं.

पाचवा: मामाचं पत्र हरवलं

पूर्ण वर्तमानकाळ हा मुलांना आणि शिक्षकांनाही सगळ्यात जड जातो, आणि त्याच्यासाठी लागणारा खेळ आपल्या अंगणातच आहे. मुलं गोल बसतात, एक जण हातात रुमाल घेऊन मागून फिरतो. "मामाचं पत्र हरवलं" असं तो म्हणतो, बाकीचे म्हणतात "ते मला सापडलं". हेच इंग्रजीत: "आय हॅव लॉस्ट माय अंकल्स लेटर!" आणि गोलातून "आय हॅव फाउंड इट!"

'हॅव' का, ते परिस्थितीतच आहे. पत्र हरवलं आहे म्हणजे ते आत्ता हातात नाही. सापडलं आहे म्हणजे आत्ता आहे. घटना मागे घडली, पण बोलणारा आजची स्थिती सांगतो आहे.

रुमाल कोणाच्या तरी मागे पडतो, पळापळ होते, डाव संपतो. आता लगेच पुढचा डाव सुरू करू नका. गोलाला प्रश्न विचारा: "व्हेअर डिड ही ड्रॉप इट?" उत्तर: "ही ड्रॉप्ट इट बिहाइंड मीरा." "व्हेन डिड मीरा सी इट?" उत्तर: "शी सॉ इट व्हेन ही रॅन." कुठे पडला, कधी दिसला, अशा तपशिलात शिरलो की 'हॅव' सुटतं आणि साधा भूतकाळ येतो. प्रत्येक डावानंतर हे दोन-तीन प्रश्न झाले की मुलांना "आय हॅव सीन हिम यस्टरडे" हे वाक्य कानाला खटकू लागतं. फळ्यावर एवढंच लिहा: 'यस्टरडे' आलं की 'हॅव' गेलं.

पावसाळ्यात हाच काळ वर्गात खेळता येतो. दोन मुलांना व्हरांड्यात पाठवा. तेवढ्यात बाकीच्यांनी पाच गोष्टी बदलायच्या: खिडकी लावा, पंखा बंद करा, फळा पुसा, दोघांच्या जागांची अदलाबदल करा, डस्टर लपवा. आत आलेल्यांनी सांगायचं: "यू हॅव क्लोज्ड द विंडो." "समवन हॅज वाइप्ट द बोर्ड." पुरावा समोर आहे, कोणी कधी केलं ते माहीत नाही, 'हॅव'ची ही हक्काची जागा आहे. मोठ्या वर्गातली मुलं यूट्यूबवर अमेरिकन लोकांना अशाच ठिकाणी साधा भूतकाळ वापरताना ऐकतात आणि विचारतात. त्यांना खरं सांगावं: अमेरिकेत अशा वेळी दोन्ही चालतं, आपण शाळेत ब्रिटिश पद्धत शिकतो.

सहावा: चोर-शिपायाचा जबाब

राजा, प्रधान, शिपाई, चोर या चिठ्ठ्या मुलांना ठाऊक असतात. त्यातच थोडा बदल करायचा. गुन्हा जाहीर करा: काल संध्याकाळी सात वाजता शाळेची घंटा चोरीला गेली. चिठ्ठीत 'चोर' आलेले दोघे जण बाहेर जाऊन पाच मिनिटांत आपली गोष्ट ठरवतात, की त्या वेळी आम्ही दोघे एकत्र होतो. कुठे, काय करत, काय खाल्लं, कोण भेटलं. शिपायांचा गट त्याच वेळी प्रश्न तयार करतो: "व्हेअर वर यू ॲट सेव्हन?", "व्हॉट वर यू डुइंग?", "हू डिड यू मीट?", "व्हॉट डिड यू ईट?"

मग एकेकाला आत बोलवायचं. पहिला म्हणतो, "वी वर ईटिंग भेळ निअर द बस स्टँड." दुसऱ्याला विचारलं, "हू पेड?" तर तो सांगतो, "ही पेड." पहिल्यानेही मघाशी "ही पेड" असंच सांगितलेलं असतं. वर्गात एकच गलका! प्रश्न जितके बारीक, तितकी गोष्ट फाटते, म्हणून शिपाई आपणहून नवे प्रश्न तयार करू लागतात. वर्गाचा पट मोठा असेल तर बाकीच्यांनी वहीत दोन रकाने करून दोघांचे जबाब लिहायचे आणि विसंगती शोधायची. शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीला एका शिक्षकामागे ३५ मुलं धरतो, पण त्याहून जास्त मुलं असली तरी हा खेळ चालतो.

"आय हॅड गॉन टू बाजार" इथे हमखास येतं. तेव्हा दोन बोटं वर करायची, म्हणजे "कशाच्या आधी?" दुसरी घटनाच नसेल तर 'हॅड'ची गरज नाही, नुसतं "आय वेंट". शेवटी शिपायांनी अहवाल लिहायचा, तिथे मात्र 'हॅड' रीतसर येतं: "व्हेन द प्यून केम, समवन हॅड टेकन द बेल."

भविष्यकाळाबद्दल थोडं

याला फार खेळ लागत नाहीत. खिडकीतून भरून आलेलं आभाळ दाखवून "इट इज गोइंग टू रेन" म्हणवून घ्या, कारण खूण डोळ्यांसमोर आहे. ठरलेल्या बेतांसाठी प्रत्येकाने आठवड्याच्या तक्त्यात चार संध्याकाळी काहीतरी भरायचं आणि तिघांनी मिळून क्रिकेटसाठी मोकळी संध्याकाळ शोधायची: "नो, आय ॲम व्हिजिटिंग माय आजी ऑन ट्यूजडे." 'विल'साठी एकमेकांचं भविष्य सांगणाऱ्या चिठ्ठ्या पुरतात.

उजळणी: वाक्यांचा लिलाव

महिनाभर टिपून ठेवलेल्या चुकांचा कागद आता काढा. मुलांच्याच वह्यांतली बारा वाक्यं फळ्यावर लिहा, नावं न देता. निम्मी बरोबर, निम्मी चुकीची. प्रत्येक गटाला खोटे हजार रुपये. गटाने आधी आपसात चर्चा करून कोणती वाक्यं घ्यायची ते ठरवायचं, मग बोली. "आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स" हे शंभरपासून सुरू करा, "शी डिडन्ट केम" हेही तितक्याच गांभीर्याने शंभरपासूनच. तुमच्या चेहऱ्यावरून मुलं लगेच ओळखतात, म्हणून पुकारा करायचं काम एखाद्या मुलाला द्या. वाक्य विकलं गेलं की ते बरोबर की चूक ते सांगा. चुकीचं वाक्य घेतलेल्या गटाला ते दुरुस्त करून अर्धे पैसे परत मिळवता येतात. त्या दुरुस्तीच्या वेळी गटात जी कुजबुज चालते ती जवळ जाऊन ऐका आणि पुढच्या महिन्यात कोणता खेळ पुन्हा घ्यायचा ते तिथेच टाचणवहीत लिहून ठेवा.